गिरणगावचे मास्तर : नारायण मल्हार जोशी



मे महिना संपत आला आहे. १ मे रोजी आपण कामकरी संत जोसेफ यांचा सण साजरा केला. हा सण फार जुना नाही. पोप बारावे पायस यांनी तो १ मे १९५५ रोजी जाहीर केला. त्याच महिन्यात, ३० मे १९५५ रोजी, आपल्या या मुंबईत नारायण मल्हार जोशी यांचे निधन झाले. ते ख्रिस्ती नव्हते, आणि त्यांचे नाव कुठल्या संतांच्या यादीत सापडणार नाही. लोअर परळच्या रस्त्यावरील पाटीवर मात्र ते सापडते. पूर्वीचा डिलाईल रोड तो आताचा ना. म. जोशी मार्ग. बसच्या खिडकीतून ती पाटी आपण शेकडो वेळा वाचली असेल. पाटीवरचा हा माणूस कोण, हे आज आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना सांगावे असे आम्हांला वाटते. त्याला एक कारण आहे. ते शेवटी सांगू.

संत जोसेफ स्वतः स्थलांतरित कामगार होते, हे आपण सहसा विसरतो. हेरोदाच्या भीतीने ते मारियेला आणि बाळ येशूला घेऊन मिसर देशात गेले. सुतारकीचे काम हातात, भाषा परकी, ओळखीचे कोणी नाही. तेथे ते किती दिवस राहिले, पोट कसे भरले, बाळाला अक्षरओळख कोणी करून दिली, याविषयी शुभवर्तमान काहीच सांगत नाही. पण परगावाहून आलेल्या कामगाराचे लेकरू म्हटले की आपल्यासमोर ते बाळ यायला हवे. जोशी यांनी आयुष्यभर ज्यांचा विचार केला ती मुले अशीच होती.

मास्तरकी

नारायणराव जोशी यांचा जन्म ५ जून १८७९ रोजी गोरेगाव येथे झाला. हे आपल्या पश्चिम उपनगरातले गोरेगाव नव्हे. तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यातले. शिक्षण पुण्यात झाले. १९०१ साली डेक्कन कॉलेजातून ते पदवीधर झाले. त्या काळी पदवी हाती असलेल्या तरुणाला सरकारी नोकरी किंवा वकिली हे दोन मार्ग मोकळे असत. त्यांनी मास्तरकी पत्करली आणि सुमारे आठ वर्षे निरनिराळ्या शाळांतून मुलांना शिकवले. पुढे ते कामगार पुढारी म्हणून देशभर ओळखले गेले, पण त्यांच्यातला मास्तर कधी गेला नाही. कामगारांच्या प्रश्नाकडे ते शाळेच्या खिडकीतून पाहत आले, असे म्हटले तरी चालेल.

१९०९ साली ते नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांच्या भारत सेवक समाजात दाखल झाले. गोखल्यांनी ही संस्था १९०५ मध्ये पुण्यात काढली होती. तिच्या सभासदाने स्वतःसाठी पैसा मिळवायचा नाही, संस्था देईल त्या तुटपुंज्या वेतनात कुटुंबासह राहायचे आणि सारा वेळ देशकार्याला द्यायचा, असा नियम होता. आपल्याकडे व्रतस्थ बंधुभगिनी दारिद्र्याचे व्रत घेतात, त्याच्याशी हे पुष्कळ जुळते. जोशी यांनी तो नियम अखेरपर्यंत पाळला.

त्या काळातली मुंबई

जोशी मुंबईत कामाला लागले तो काळ आपल्या रे रोडच्याही जन्माचा काळ आहे. १८८५ ते १८९० या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले लॉर्ड रे यांच्या नावाचे आपले स्टेशन. कुर्ल्याहून रे रोडपर्यंतची हार्बर रेल्वे १९१० च्या डिसेंबरात सुरू झाली. एका बाजूला गोद्या आणि वखारी, दुसऱ्या बाजूला परळ, लालबाग, शिवडीच्या गिरण्या. या सगळ्यांना माणसे हवी होती, आणि माणसे येत होती रत्नागिरी, सातारा, कुलाबा, पुणे या जिल्ह्यांतून. काही उत्तरेकडूनही येत होती. १९२१ च्या जनगणनेत मुंबईतील शंभरांपैकी सुमारे ८४ लोक शहराबाहेर जन्मलेले होते. आजही कोणी परप्रांतीय म्हणून बोटे मोडू लागला की हा आकडा आम्हांला आठवतो. आपल्यातील गोव्याकडच्या कुटुंबांचे आजोबा-पणजोबा तेव्हाच माझगाव, धोबीतलावच्या कुडांत पेटी टेकून बोटीवरच्या नोकरीची वाट पाहत होते. नगर, जालन्याकडून आलेली आपली कुटुंबे त्यानंतरची. म्हणजे या शहरात आधी आलेला आणि नंतर आलेला एवढाच काय तो भेद.

कामगार बहुधा एकटा यायचा. बायकामुले गावी राहायची. मुले आली तरी पेरणीला, कापणीला, शिमग्याला, गणपतीला गावी जायची आणि परत यायची. कधी महिनाभर राहायची, कधी वर्षभर. बहुतेकांचा संसार चाळीच्या एका खोलीत. तीतही आणखी दोन-चार गाववाले. अशा मुलाचे नाव कोणत्या शाळेच्या पटावर घालायचे? गावच्या शाळेत तो अर्धे वर्ष नसतो, शहरातल्या शाळेला तो ठाऊकच नसतो. गावचा मास्तर म्हणतो मुलगा मुंबईला गेला, मुंबईचा मास्तर म्हणतो आमच्याकडे आलाच नाही. दोघेही खरे बोलतात, आणि मूल मधल्या मध्ये हरवते.

ते मूल हरवून जायचे कुठे? बऱ्याचदा गिरणीत.

दोन आकड्यांची गोष्ट

येथे थोडा कायद्याचा इतिहास सांगणे भाग आहे. भाविकांनी कंटाळू नये, कारण सारा प्रश्न दोन आकड्यांचा आहे. मुलाने कितव्या वर्षी कामाला लागावे हा एक आकडा, आणि कितव्या वर्षापर्यंत शाळेत असावे हा दुसरा.

पहिला आकडा आधी आला. हिंदुस्थानातील पहिला कारखाना कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालील मुलांना कारखान्यात घेण्यास मनाई केली. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तास काम करता येई. १८९१ च्या कायद्याने किमान वय नऊ झाले आणि मुलांचे तास सातावर आले. योगायोग असा की त्याच १८९१ साली, १५ मे रोजी, पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीविषयी रेरुम नोव्हारुम हे परिपत्रक प्रसिद्ध केले. मुलाचे शरीर आणि मन पुरेसे वाढल्याशिवाय त्याला कारखान्यात घालू नये, असे त्यात बजावले होते. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपमहोदयांनी लिओ हेच नाव घेतले, ते या जुन्या परिपत्रकाची आठवण ठेवूनच.

गिरणीतल्या या मुलांना अर्धवेळ कामगार म्हणत. अर्धा दिवस काम आणि उरलेल्या अर्ध्या दिवसात शाळा, अशी मूळ कल्पना इंग्लंडातली. लँकेशायरच्या कापडगिरण्यांत ती पद्धत अनेक पिढ्या चालली. शेवटी १९१८ च्या शिक्षण कायद्याने ती मोडीत काढावी लागली, कारण अर्धा दिवस यंत्रापाशी उभे राहिलेले मूल उरलेला अर्धा दिवस बाकावर पेंगत बसते, हे सर्वांना दिसून चुकले होते. आपल्याकडे तर तेवढेही नव्हते. कामाचा अर्धा दिवस कायद्याने ठरवला, पण शाळेचा अर्धा दिवस कोणीच ठरवला नाही. काही ठिकाणी तर मूल सकाळी एका गिरणीत आणि दुपारी वेगळ्या नावाने दुसऱ्या गिरणीत जाई. त्यात आईबापांना दोष देणे सोपे आहे. पण ज्या घरात चूल मुलाच्या मजुरीवरही पेटते, तेथे उपदेशाने काही होत नाही.

दुसरा आकडा आणण्याचा प्रयत्न गोखल्यांनी केला. १६ मार्च १९११ रोजी त्यांनी केंद्रीय विधिमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठवणे टप्प्याटप्प्याने सक्तीचे करावे, आणि ज्यांची महिन्याची मिळकत दहा रुपयांहून कमी आहे त्यांच्याकडून फी घेऊ नये, एवढीच त्यांची मागणी होती. बडोद्यात सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्येच आपल्या संस्थानभर सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. तरीही १९१२ साली हे विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी फेटाळले गेले. पैसा कोठून आणायचा हा एक आक्षेप होता. मजूर कमी पडतील ही धास्ती काहींनी बोलून दाखवली, काहींनी मनात ठेवली.

शाळा कामगाराच्या दारी

गोखल्यांचे विधेयक पडले, पण त्यांचा शिष्य थांबला नाही. १९११ सालीच जोशी यांनी मुंबईत सोशल सर्व्हिस लीग ही संस्था उभी केली. कायदा मुलाला शाळेपर्यंत आणत नसेल तर शाळेने कामगाराच्या दारी जावे, असा त्यांचा सरळ हिशेब होता. लीगने गिरणगावात रात्रशाळा काढल्या. पेट्यांतून पुस्तके चाळीचाळींत फिरवली. वाचनालये, दवाखाने, सहकारी पतपेढ्या सुरू केल्या. गिरणी कामगारांच्या मुलांना मोकळ्या हवेत सहलीला नेले. काही गिरणीमालकांनी परळ भागात कामगारांसाठी संस्था काढल्या, त्या चालवण्याचे काम लीगकडे आले. पुढे लीगची शाळा, कापडधंद्याचे शिक्षण देणारी शाळा आणि परळचे दामोदर नाट्यगृह याच कामातून वाढले.

रात्रशाळेत जोशी यांना एक गोष्ट कळली, आणि त्यांच्या पुढच्या आयुष्याची दिशा तिनेच ठरवली असे आम्हांला वाटते. १९११ च्या कायद्याप्रमाणे कापडगिरणीत पुरुषाचा दिवस बारा तासांचा होता. बारा तास साच्यावर उभा राहिलेला माणूस रात्री पाटीपुढे बसला तरी शिकणार किती? त्याला शिकवायचे तर आधी दिवस लहान केला पाहिजे. त्याच्या मुलाला शिकवायचे तर बापाची मजुरी इतकी हवी की मुलाची मजुरी लागू नये. म्हणजे शाळेचा प्रश्न शाळेत सुटत नाही; तो गिरणीच्या फाटकावर सुटतो. म्हणून हे मास्तर कामगार चळवळीत उतरले. १९२० च्या संपानंतर मुंबईच्या गिरण्यांत दहा तासांचा दिवस मान्य झाला, तेव्हा रात्रशाळेला दोन तास मिळाले असेही म्हणता येईल. त्याच वर्षी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस स्थापन झाली, तिच्या उभारणीत जोशी यांचा मोठा वाटा होता.

वॉशिंग्टनची परिषद

१९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. हिंदुस्थानच्या कामगारांचे प्रतिनिधी म्हणून जोशी तेथे गेले. कारखान्यात कामाला लागण्याचे किमान वय चौदा असावे, असा ठराव परिषदेपुढे होता. हिंदुस्थानचे काय करायचे यावर वाद झाला. सरकार पक्षाचे म्हणणे असे की मुलांना कामावरून काढले तर ती जातील कुठे? त्यांच्यासाठी शाळाच नाहीत.

या युक्तिवादाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. शाळा नाहीत म्हणून मुलांनी काम करावे. आणि मुले कामावर आहेत म्हणून शाळा काढण्याची घाई नाही. तर्कशास्त्रात याला चक्रदोष म्हणतात. जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरायचे. वर्गात असा दोष सापडला की गुण कापले जातात. राज्यकारभारात सापडला तर एक पिढी कापली जाते. चक्र कोठून तरी तोडावेच लागते. परिषदेने ते वयाच्या बाजूने तोडले. हिंदुस्थानसाठी चौदाऐवजी बारा वर्षे ठरली. यंत्रशक्तीवर चालणारे आणि दहाहून अधिक माणसे असलेले कारखाने, खाणी, रेल्वेची वाहतूक आणि गोदी-धक्क्यांवरचा माल हाताळणे, या कामांसाठी ती मर्यादा होती. पण त्यात एक फट राहिली. हाताने माल वाहून नेण्याचे काम वगळले गेले. रे रोडवर राहणाऱ्यांना ही फट किती मोठी हे समजावून सांगायला नको. गोदीपासून वखारीपर्यंत आपल्याकडे डोक्यावरून आणि हातगाडीवरूनच माल गेला. रेल्वे आणि बंदराच्या कामावर मुले ठेवण्यास बंदी करणारा वेगळा कायदा व्हायला १९३८ साल उजाडले.

वॉशिंग्टनच्या ठरावाप्रमाणे १९२२ मध्ये आपल्या कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली. किमान वय नवाचे बारा झाले आणि मुलांचे काम सहा तासांवर आले. जोशी १९२१ पासून जवळजवळ पाव शतक मध्यवर्ती विधिमंडळात कामगारांचे प्रतिनिधी म्हणून होते. ट्रेड युनियनला कायद्याचे संरक्षण मिळावे हा ठराव त्यांनीच १९२१ मध्ये मांडला, आणि १९२६ मध्ये तसा कायदा झाला. मुंबई महापालिकेचेही ते काही काळ सभासद होते. १९२५ मध्ये महापालिकेने सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले ते एफ आणि जी या दोन विभागांत, म्हणजे परळ, शिवडी, दादर, वरळी या गिरणी कामगारांच्या वस्त्यांत. ज्यांची मुले सर्वांत आधी कामाला जातात, त्यांच्या वस्तीत शाळा सर्वांत आधी सक्तीची. क्रम योग्य होता.

तरी दोन आकड्यांमध्ये अंतर राहिलेच. प्राथमिक शाळा दहा-अकराव्या वर्षी संपायची, आणि गिरणीचे फाटक बाराव्या वर्षी उघडायचे. मधल्या काळात मुलाने करायचे काय? ज्या मुलाला गावी धाडले ते परत येईपर्यंत अक्षर विसरून जाई. जे चाळीत राहिले ते विडीच्या दुकानात किंवा हॉटेलात लागे, कारण कारखान्याचा कायदा तेथे पोहोचत नव्हता. १९२९ साली सरकारने कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी शाही आयोग नेमला. जोशी त्याचे सभासद होते. १९३१ मध्ये आयोगाने अहवाल दिला, त्यात कायद्याच्या कक्षेबाहेरच्या छोट्या कारखान्यांत अगदी कोवळी पोरे राबत असल्याचे नोंदवले आहे. गिरणीतला कामगार गावाशी नाते तोडत नाही, हेही आयोगाने स्पष्ट सांगितले. म्हणजे ये-जा करणारे मूल ही काही चुकून घडलेली गोष्ट नव्हती. शहराचा कारभारच तिच्यावर चालला होता.

मधल्या वाटेचा माणूस

जोशी सर्वांना आवडत असत असे मात्र नाही. त्यांचा स्वभाव मवाळ होता. ते सरकारनियुक्त सभासद, म्हणून जहाल मंडळी त्यांच्याकडे संशयाने पाहत. मालकांना ते संपवाले वाटत. १९२८ चा गिरणी कामगारांचा मोठा संप सुमारे सहा महिने चालला. त्या वेळी कम्युनिस्ट पुढाऱ्यांबरोबर संपाच्या समितीत ते होते, पण पुढल्याच वर्षी नागपूरच्या अधिवेशनात मतभेद इतके वाढले की स्वतः उभ्या केलेल्या ट्रेड युनियन काँग्रेसमधून ते बाहेर पडले. १९४० साली फुटलेले गट पुन्हा एकत्र आले तेव्हा सरचिटणीसपद पुन्हा त्यांच्याकडेच आले. भांडून वेगळे झाल्यावर अकरा वर्षांनी त्याच लोकांबरोबर त्याच टेबलापाशी बसणे सोपे नसते. धर्मग्रामाच्या बैठका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे पटेल.

त्यांच्या कामाच्या मर्यादाही मान्य केल्या पाहिजेत. रात्रशाळा लाखो कामगारांच्या शहरात किती जणांना पुरणार? थकून आलेला माणूस आठवड्यातून दोन दिवस यायचा आणि चार दिवस गळायचा. घरकाम आणि धाकटी भावंडे सांभाळणाऱ्या मुलींपर्यंत तर ती शाळा फारशी गेलीच नाही. पण ज्याला रात्रशाळा पुरत नाही हे कळले, त्याने रात्रशाळा बंद केली नाही. ती चालू ठेवून कायद्याच्या मागे लागला. आज हातातले काम आणि उद्याची व्यवस्था, दोन्ही एकाच वेळी. दयेचे काम केले म्हणजे न्यायाचे काम उरत नाही असे त्याने मानले नाही, आणि न्याय येईपर्यंत दया थांबवलीही नाही.

शेवटी दोन्ही आकडे जुळले. १९४८ च्या कारखाना कायद्याने किमान वय चौदा केले. १९५० मध्ये अमलात आलेल्या राज्यघटनेने चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे धोरण सांगितले. जोशी तेव्हा सत्तरीत होते. आयुष्याच्या अखेरीस, निदान कागदावर तरी, काम जेथे सुरू होते तेथेच शाळेचे वय संपते हे त्यांना पाहायला मिळाले. त्यानंतर पाच वर्षांनी ते गेले.

आपल्या दाराशी

आता सुरुवातीला म्हटलेले कारण.

मागे एकदा जून संपता संपता एक आई मुलाला घेऊन आमच्या ऑफिसात आली होती. वस्तीत नवीन, नवरा भंगाराच्या गोडाऊनमध्ये हमाली करणारा. एका शाळेने गावच्या शाळेचा दाखला मागितला होता आणि प्रवेशाची तारीख गेली असेही सांगितले होते. आम्ही तिला शाळेच्या नावे एक चिठ्ठी लिहून दिली, मुलाच्या डोक्यावर हात ठेवला आणि आपले काम झाले असे समजलो. चिठ्ठीचे काय झाले ते विचारले नाही. दिवाळीनंतर तो मुलगा आम्हांला दिसला. लोखंडाच्या दुकानापुढे बसून तो तारेचे प्लास्टिक सोलत होता. त्याने आम्हांला ओळखले आणि हसून नमस्कार केला. त्या नमस्काराने आम्ही फार खजील झालो. चूक त्या शाळेची होतीच. पण तिच्याइतकीच आमचीही होती, कारण कायदा काय सांगतो हे आम्हांला ठाऊक असायला हवे होते.

कायदा स्पष्ट आहे. २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला जन्मदाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. प्रवेशाची मुदत संपली म्हणून नाकारता येत नाही. परगावाहून आलेल्या मुलाला महापालिकेच्या किंवा अनुदानित शाळेत दाखल होताना आधीच्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला, तरी त्यासाठी त्याला थांबवता येत नाही. अभ्यासात मागे पडलेल्या मुलाला त्याच्या वयाच्या वर्गात घेऊन वेगळी शिकवणी द्यायची आहे. आणि स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे, ही त्या कायद्यानेच महापालिकेवर टाकलेली जबाबदारी आहे. आपल्या महापालिकेच्या शाळा मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमिळ, तेलुगू आणि कन्नड अशा आठ भाषांतून चालतात. ऊसतोडणीला जाणाऱ्यांच्या मुलांसाठी राज्यात साखरशाळा निघाल्या, गावाहून गावाला जाणाऱ्या मुलासाठी शिक्षण हमी पत्रक आले. जोशींच्या काळी यांतले काहीच नव्हते.

पण हक्क असणे वेगळे आणि तो वापरता येणे वेगळे. कुलूप उघडे असले तरी ज्याला दार कोठे आहे ठाऊक नाही, त्याच्या लेखी ते बंदच. शिवाय फटी अजूनही राहतात. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना कोणत्याही धंद्यात कामावर ठेवणे बेकायदा ठरले, मात्र शाळेच्या वेळेनंतर घरच्या धंद्यात मदत करायला मोकळीक ठेवली. घरच्या धंद्यात शाळेनंतर म्हणता म्हणता शाळेऐवजी कधी होते, हे दारूखान्याच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्याला दिसते. जुन्या करारात हाताने वाहून नेण्याची जी फट होती, तिचीच ही धाकटी बहीण.

जूनच्या मध्यावर शाळा उघडतील. गावी गेलेली अनेक कुटुंबे पाऊस पडेपर्यंत, काही तर पेरणी होईपर्यंत येणार नाहीत. उशिरा आलेले मूल वर्षभर राहून जाते, हा आपल्याकडचा अनुभव आहे. म्हणून पॅरिश कौन्सिलच्या संमतीने आम्ही असे ठरवले आहे. प्रत्येक लघु ख्रिस्ती समूहाने आपल्या गल्लीत सहा ते चौदा वर्षांचे कोणते मूल शाळेत जात नाही, ते जुलै अखेरपर्यंत पाहावे. ते मूल कोणत्या धर्माचे, कोणत्या प्रांताचे हे विचारू नये. ज्या आईबापांना वाचता येत नाही त्यांच्याबरोबर समूहातील एकाने शाळेत स्वतः जावे. चिठ्ठी देऊ नये, सोबत जावे. आमची चूक पुन्हा होऊ नये यासाठी आम्हीही येऊ. आपल्यापैकी कोणाच्या दुकानात, गोडाऊनमध्ये किंवा घरकामाला असे मूल असेल, तर त्यांनी आम्हांला येऊन भेटावे. आम्ही ते नाव व्यासपीठावरून वाचणार नाही. पण मूल शाळेत जाईपर्यंत विचारत राहू.

येत्या ३० मे रोजी सकाळच्या मिस्सामध्ये कामगारांसाठी आणि त्यांच्या मुलांसाठी विशेष प्रार्थना होईल. गिरणगावच्या या मास्तरांची आठवण आपण त्या वेळी करू. मिसर देशात परक्या गल्लीत वाढलेल्या बाळ येशूची आठवण ठेवणाऱ्यांना तेवढे अवघड जाऊ नये.

ख्रिस्तामध्ये आपला,
प्रमुख धर्मगुरू